सेटलला तीन रात्री: एका निवृत्त पी-वे माणसाचा अभिप्राय

मुलगा नोकरीला लागला की आपल्याकडे चुलत्यापासून पेपरवाल्यापर्यंत सगळे एकच विचारतात, "सेटल झाला का?" आमचे चिरंजीव लीड्सला सेटल होऊन सहा वर्षं झाली. या जूनमध्ये आम्ही दोघं त्याच्याकडे गेलो होतो. लीड्स स्टेशनच्या फलकावर 'सेटल' हे गावाचं नाव वाचलं आणि हिला म्हटलं, "अगं, चल, आपणही सेटल होऊन येऊ." विनोद हिला कळला, पण हसली नाही. छत्तीस वर्षांची सवय.

आधीच सांगून टाकतो. मी मध्य रेल्वेत एकतीस वर्षं पी-वेला काढली, म्हणजे रूळ, खडी, स्लीपर आणि त्यांच्यावरून जाणाऱ्या गाडीची काळजी. त्यातली चौदा वर्षं कसारा-इगतपुरीच्या घाटात. त्यामुळे हा अभिप्राय एकांगी असणार. ज्यांना दुकानं, खरेदी, झगमगाट हवा आहे त्यांनी पुढे वाचून वेळ घालवू नये. सेटलमध्ये यातलं काही नाही. अडीच हजारांच्या आसपास वस्तीचं गाव आहे. नॉर्थ यॉर्कशायरमध्ये, रिबल नदीच्या काठी, डोंगराच्या पोटाशी.

लीड्सहून साधारण तासाभरात गाडी पोचते. शिपली, कीथली, स्किप्टन करत. स्किप्टनपर्यंत विजेची लाइन आहे, पुढे डिझेल. साठी उलटलेल्यांनी सीनियर रेलकार्ड जरूर काढावं, तिकिटावर एक-तृतीयांश सूट मिळते आणि त्यासाठी तिथलं नागरिक असावं लागत नाही, वयाचा पुरावा म्हणून आपला पासपोर्ट चालतो. स्किप्टननंतर खिडकीत मेंढ्या सुरू होतात आणि मग संपतच नाहीत.

सेटल स्टेशनवर उतरलो आणि मी जागीच उभा राहिलो. ही पुढे निघून गेली होती, परत आली, "काय झालं, बॅग राहिली का?" बॅग नव्हती राहिली. स्टेशन बघत होतो. मिडलंड रेल्वेने १८७०च्या दशकात बांधलेली दगडी इमारत, उतरत्या छपराखाली कोरीव लाकडी पट्ट्या, लाल-पिवळसर रंग ताजा, फुलझाडांचे वाफे नीट निंदलेले. प्लॅटफॉर्मवर कागदाचा कपटा नाही. पादचारी पूल जुना आहे, पण इथला नाही. स्कॉटलंडमधल्या ड्रेम स्टेशनावरचा उचलून इथे आणून बसवला आहे. स्टेशनालगतची इंजिनांना पाणी देणारी दगडी टाकी आता कुणाचं तरी राहतं घर आहे. १८९१ची सिग्नल केबिनही जपून ठेवली आहे, आतले खटके हलतात म्हणे. पण ती शनिवारी उघडते आणि आम्ही सोमवार ते गुरुवार होतो. हे आधी बघून जायला हवं होतं. माझी चूक, अजून टोचते.

यातलं बरंचसं काम पगारी माणसं करत नाहीत. या लाइनीच्या मित्रमंडळाचे सभासद करतात, त्यातले बरेच माझ्याच वयाचे. एक गृहस्थ कुंड्यांना पाणी घालत होते. मी त्यांना मोडक्यातोडक्या इंग्रजीत सांगितलं की मी भारतात घाटसेक्शनला होतो. त्यांनी झारी खाली ठेवली आणि पहिलाच प्रश्न विचारला, "चढ किती?" मी म्हटलं, सदतीसात एक. त्यांनी पुन्हा विचारलं. मी पुन्हा सांगितलं. मग त्यांनी माझ्याशी हात मिळवला.

याचा अर्थ सांगतो. सदतीसात एक म्हणजे सदतीस फूट पुढे गेलं की एक फूट वर. सेटलहून उत्तरेकडे कार्लाइलला जाणारी ही लाइन सुमारे ७२ मैलांची, म्हणजे ११६ किलोमीटर. सेटल सोडल्यावर पंधरा-सोळा मैल सलग चढ आहे, शंभरात एक. वाफेच्या इंजिनात कोळसा टाकणाऱ्यांनी त्याला 'लाँग ड्रॅग' असं नाव ठेवलं, म्हणजे लांबलचक ओढ. इंग्लंडात हा चढ प्रसिद्ध आहे. आपला थळ घाट सदतीसात एक, आजही कसाऱ्याला मागून बँकर इंजिनं लावल्याशिवाय बहुतेक गाड्या वर येत नाहीत. पण तो बघायला कोणी तिकीट काढून येत नाही. नाशिकला जाणारा माणूस कसारा आलं की वडा घेतो आणि इगतपुरी आलं की उतरून पाय मोकळे करतो. मधल्या चौदा किलोमीटरमध्ये तो मोबाइलला रेंज का नाही म्हणून रेल्वेला शिव्या देतो.

असो. गावाकडे येतो, नाहीतर ही म्हणेल रुळावरच अडकलात.

आम्ही उतरलो ते घर स्टेशनपासून चालत सात-आठ मिनिटांवर. नाव देत नाही, कारण पुढे थोडी तक्रार आहे. दगडी घर, जिना इतका अरुंद की बॅग आधी की माणूस आधी हे ठरवून चढावं लागतं. खोली स्वच्छ. पण जून महिना असल्यामुळे हीटर बंद, आणि त्यांचा जून म्हणजे आपल्या महाबळेश्वरचा डिसेंबर. बेसिनला दोन वेगळे नळ. एकातून हात भाजेल असं पाणी, दुसऱ्यातून हाडं गोठतील असं. मधलं पाणी हवं असेल तर ओंजळीत करून घ्या. रेल्वेचे पूल एवढे नेमके बांधणाऱ्या लोकांना दोन नळ एकत्र जोडता येऊ नयेत, याचं मला तिन्ही दिवस नवल वाटत राहिलं. भाडं चिरंजीवांनी भरलं, आकडा सांगितला नाही. मी पावती बघितली. इगतपुरीत तेवढ्यात महिनाभर दोन खोल्या मिळतील, न्याहारीसकट.

घरमालकीण मात्र बाई सोन्यासारखी. प्रत्येकाला 'लव्ह' म्हणते. मला चहा देताना म्हणाली तेव्हा हिने माझ्याकडे बघितलं. पोस्टमनलाही तसंच म्हणाली, तेव्हा प्रकरण मिटलं. यॉर्कशायरमध्ये ते आपल्या 'दादा'-'बाबा'सारखं आहे, मनावर घेऊ नये.

आता खाण्याचं, कारण बरेच जण त्यासाठीच हे वाचत असतील. ही माळकरी. अंडंही नाही. मी घराबाहेर अंडं खातो, ते हिला माहीत आहे आणि तिला माहीत आहे हे मला माहीत आहे. माझी न्याहारी झकास झाली. हिला टोस्ट, लोणी, मार्मालेड आणि टोमॅटोच्या रसातल्या डबाबंद बीन्स. केक-स्कोनमध्ये अंडं असतं की नाही हे दर वेळी विचारावं लागतं, आणि बहुधा असतंच. मग दुपारी हिचा आधार म्हणजे सालीसकट भाजलेला भलामोठा बटाटा, चिरून वर लोणी आणि चीज. हा जवळजवळ प्रत्येक कॅफेत मिळतो आणि पोट भरतं. मेतकुटाची पुडी जवळ होती. बटाट्यावर ते भुरभुरलं तेव्हा वाढणारी मुलगी वास घेऊन गेली आणि पुन्हा येऊन नाव विचारून गेली.

इथे एक इशारा, आणि कृपा करून तो गांभीर्याने घ्या. यॉर्कशायरमध्ये मासे-चिप्सची बरीच दुकानं तळणीला तेल वापरत नाहीत. गाईबैलाची चरबी वापरतात, त्याला 'बीफ ड्रिपिंग' म्हणतात, आणि ती चव आहे म्हणून त्यांना अभिमान आहे. परतीच्या दिवशी दुसऱ्या एका गावात थांबलो होतो, तिथे हिने "नुसते बटाट्याचे आहेत ना?" म्हणून पुडा घेतला. सहा-सात तुकडे खाल्ल्यावर माझी नजर खिडकीतल्या पाटीवर गेली. दुकानाचा दोष नाही, त्यांनी पाटी लावली होती. वाचायला मी होतो आणि मी समोरच्या पुलाकडे बघत होतो. हिने पुडा शांतपणे बाकावर ठेवला, बाटलीतल्या पाण्याने चूळ भरली आणि लीड्स येईपर्यंत माझ्याशी बोलली नाही. घरी आल्यावर म्हणाली, "नकळत झालं ते पांडुरंग बघून घेईल. पण तुम्ही एकतीस वर्षं रुळाची तडा कशी काय शोधत होता?" यावर उत्तर नाही. तेव्हा दुकानात शिरण्याआधी तळणी कशाची ते विचारा. भाजीच्या तेलात तळणारीही असतात, पण विचारल्याशिवाय कळत नाही.

गावाला बाजारपेठ म्हणण्यापेक्षा चौक म्हणावं. १२४९ साली राजाने बाजार भरवायची सनद दिली आणि मंगळवारचा बाजार अजून भरतो. पावणेआठशे वर्षं एकच वार! आम्ही मंगळवारी तिथेच होतो. भाजी, चीज, रोपं, मासे, थोडे कपडे. आपल्या आठवडे बाजाराच्या मानाने आवाज काहीच नाही, भाव करायचा नाही, पण विकणारा आणि घेणारा एकमेकांची चौकशी करतात ती घोटीच्या बाजारासारखीच. चौकात एका कॅफेच्या भिंतीवर दगडात कोरलेला उघडा माणूस आहे, १६६३ सालचा, आणि ते सालच त्याने लाज राखायला पुढे धरलं आहे. कॅफेचं नावही 'नेकेड मॅन'. ही म्हणाली, "आपल्या देवळांवर काय काय असतं, त्या मानाने हा सोवळाच."

वरच्या आळीत फोनच्या लाल पेटीत चित्रांचं दालन केलं आहे. एका वेळी एक माणूस आत, दुसरा बाहेर उभा. दोन मिनिटांत बघून होतं, चुकवू नका. सतराव्या शतकातली 'फॉली' नावाची मोठी हवेली आहे, तिथे या भागाचं संग्रहालय. त्यात गावामागच्या डोंगरातल्या व्हिक्टोरिया गुहेची माहिती मिळते. १८३७ साली सापडलेल्या या गुहेत पाणघोडे, गेंडे, हत्ती आणि तरसांची सव्वा लाख वर्षांपूर्वीची हाडं निघाली. यॉर्कशायरमध्ये पाणघोडे! आम्ही गुहेपर्यंत चढून गेलो नाही. हिचा गुडघा आणि माझा श्वास, दोघांनी मिळून ठराव केला.

पण डोंगराबद्दल लिहायलाच हवं. आपला सह्याद्री काळा, इथला डोंगर पांढरा. चुनखडीचा. पाऊस पडतो तो दगड पिऊन टाकतो. ओढा चालता चालता जमिनीत गडप होतो आणि खाली कुठेतरी परत निघतो. ज्या माणसाने उभ्या आयुष्यात डोंगरावरून रुळावर येणाऱ्या पाण्याशी मारामारी केली, त्याला हे बघून हेवा वाटणारच. टेकड्यांवर सगळीकडे दगडी गडगे आहेत, चुन्याचा थेंब नाही, मैलोन्मैल. मी एका पडलेल्या ठिकाणी आतली रचना बघितली. दोन भिंती एकमेकींकडे किंचित कललेल्या, मध्ये बारीक दगडांची भरण, आणि ठरावीक उंचीवर दोन्ही भिंतींना धरून ठेवणारे आरपार लांब दगड. कोकणातला गडगा रचणारा माणूस हे बघून मान डोलावेल.

मंगळवारी दुपारी लँगक्लिफला चालत गेलो, मैलभराचा सपाट रस्ता. तिथे १८७३ची हॉफमन भट्टी आहे. चुनखडी भाजून चुना करायची. लांबट गोल बोगदा, त्यात बावीस कप्पे. आग एका कप्प्यातून पुढच्या कप्प्यात सरकत फिरत राहायची, विझवायची नाही. पुढे आग, मागे थंड होणारा चुना, त्याच्या मागे माणसं तो उपसतायत आणि नवा दगड भरतायत. शेजारून रेल्वेचा फाटा, माल थेट वॅगनमध्ये. आज सगळं बंद, तिकीट नाही, रखवालदार नाही, आत शिरा आणि फिरा. टॉर्च हवा. आम्ही आत होतो तेव्हा दुसरं कोणी नव्हतं. हिने एकदा "रामकृष्णहरी" म्हणून बघितलं. विटांच्या कमानीतून तो आवाज असा फिरून आला की हिने पर्स माझ्या हातात दिली आणि टाळ्या वाजवत 'ज्ञानोबा-तुकाराम' सुरू केलं. पालख्या निघायचे दिवस होते, यंदा हिची वारी चुकली होती. मी टॉर्च धरून उभा. पाच-सात मिनिटांनी दुसऱ्या टोकाकडून एक जोडपं कुत्र्यासह आलं, थांबलं, संपेपर्यंत हललं नाही. मग त्या बाई म्हणाल्या, "दॅट वॉज लव्हली, लव्ह." हिने तिन्ही दिवसांत त्याच एका 'लव्ह'वर नमस्कार केला.

बुधवार रेल्वेचा. हाच दिवस माझा, आणि सेटलला जाणार असाल तर हा दिवस सोडू नका.

उत्तरेकडे जाताना डावीकडच्या खिडकीत बसा. दिवसभरात मोजक्याच गाड्या आहेत, त्यामुळे एक सुटली तर पुढचीला बराच वेळ. वेळापत्रक खिशात ठेवा आणि चढायचं-उतरायचं आधी ठरवा. सेटलनंतर उजवीकडे पेन-ई-गेंट दिसतो, ६९४ मीटर, बसलेल्या सिंहासारखा. डावीकडे इंगलबरो. पलीकडे व्हर्नसाइड. हे तीन डोंगर एका दिवसात, बारा तासांच्या आत, चोवीस मैल चालून करायची इथल्या लोकांना हौस आहे. गाडीत तशी चार पोरं होती, गुडघ्यांपर्यंत चिखल.

आम्ही रिबलहेडला उतरलो. उतरल्याबरोबर वाऱ्याने माझी टोपी घेतली, ती अजून तिथेच कुठेतरी आहे. स्टेशनापासून थोडं चाललं की समोर पूल. चोवीस कमानी, १०४ फूट उंच, ४०० मीटर लांब, खाली दलदलीचा माळ आणि दुसरं काहीही नाही. फोटोत तो सुंदर दिसतो. प्रत्यक्षात सुंदर हा शब्द पुरत नाही, आधी जरा भीती वाटते.

मी खांब मोजत गेलो. दर सहावा खांब बाकीच्यांपेक्षा दीडपट जाड आहे. कारण कमानीचा पूल म्हणजे एकमेकांना टेकून उभी असलेली माणसं. एक खांब गेला तर ओळीने सगळे जातील. म्हणून दर सहा कमानींनी एक पहिलवान उभा केला, म्हणजे पडल्या तर सहाच कमानी पडतील. पाया दलदलीखाली पंचवीस फूट खोल जाऊन खडकावर बसवला आहे. खांब दगडाचे, कमानींना विटा, सगळ्या मिळून पंधरा लाख. हे सगळं १८७० ते १८७५च्या दरम्यान, बहुतेक माणसांच्या हातांनी. हिने विचारलं, "इतक्या आडरानात कुणासाठी?" गंमत म्हणजे मिडलंड रेल्वेलाही शेवटी ही लाइन नको होती. दुसऱ्या कंपनीच्या रुळांवरून स्कॉटलंडला जाताना अडवणूक होत होती म्हणून त्यांनी आपली वेगळी लाइन मागितली. मग त्या कंपनीशी समझोता झाला, तेव्हा "नको, राहू दे" म्हणायला गेले. १८६९ साली पार्लमेंटने सांगितलं, परवानगी घेतलीत ना, आता बांधा. पंक्तीत बसल्यावर नको म्हणता येत नाही, तसं झालं.

पुलाच्या पायथ्याशी मजुरांच्या वस्त्या होत्या. लाकडी झोपड्या, त्यांना नावं सेबस्टोपोल, इंकरमन, जेरिको. ताज्या क्रिमियाच्या लढाईतली आणि बायबलातली. आता तिथे उंचवटे आणि गवत. अपघात झाले, १८७१ मध्ये देवीची साथ आली. दोन मैलांच्या आसपास चालत चॅपल-ले-डेल गाठलं. चर्च आपल्या गावातल्या मारुतीच्या देवळाएवढं. या बांधकामाच्या काळात तिथे दोनशेहून अधिक माणसं पुरली. मजूर, त्यांच्या बायका, मुलं. स्मशान वाढवावं लागलं. आत भिंतीवर संगमरवरी फलक आहे. सेटल ते डेंट हेड या कामावर अपघातात गेलेल्यांसाठी, त्यांच्या सोबतच्या कामगारांनी आणि मिडलंड रेल्वेने मिळून खर्च करून लावलेला. नावं नाहीत. पण फलक आहे.

मी तिथे बाकावर बसलो तो बराच वेळ उठलो नाही. खंडाळ्याचा घाट १८६३ला सुरू झाला, आमचा थळ घाट १८६५ला. खंडाळ्याच्या एकट्या कामावर एका वेळी चाळीस हजारांच्या वर माणसं होती, आणि पटकी, ताप, सुरुंग यांनी हजारोंनी मेली. चौदा वर्षं मी थळ घाटात पायी फिरलो. प्रत्येक मोरी, प्रत्येक बोगद्याचं तोंड मला पाठ आहे. अशी एक पाटी मला कुठे दिसली नाही. एका बोगद्याजवळ आमच्या ट्रॅकमननी शेंदूर फासलेला दगड आहे, गस्तीला निघताना त्याला नारळ. कुणाचा आहे विचारलं तर म्हणायचे, "जुन्या माणसांचा."

पुढची गाडी पकडून कार्लाइलकडे निघालो. पुलावर आता एकच रूळजोडी आहे. भार कमी करायला १९८५ साली दुसरी काढली. पुलावरून जाताना पूल दिसत नाही, हे नवीन माणसाला कळत नाही आणि मग तो हिरमुसतो. म्हणून आधी खाली उतरून बघायचं. नंतर ब्ली मूरचा बोगदा, २६२९ यार्ड, संपतच नाही. बाहेर आलं की डावीकडे डेंटची दरी अशी उघडते की डब्यातली सगळी बडबड थांबली. डेंट हे इंग्लंडच्या मुख्य लाइनीवरचं सगळ्यांत उंच स्टेशन, ३५० मीटर. इगतपुरीचा माणूस हे ऐकून गप्प बसतो. आमचं स्टेशन सहाशेच्या आसपास आहे. डेंट गाव स्टेशनापासून चार मैल लांब आणि सहाशे फूट खाली. आमच्याकडेही असली स्टेशनं आहेत, पण रिक्षा तरी असते.

पुढचं स्टेशन गार्सडेल. प्लॅटफॉर्मवर काशाचा कुत्रा बसलेला दिसेल. १९८०च्या दशकात ही लाइन बंद करायचं ठरलं होतं, पुलाच्या दुरुस्तीचा खर्च झेपत नाही म्हणून. बावीस हजारांहून अधिक लोकांनी लेखी हरकती घेतल्या. त्यात एका कुत्र्याची हरकत होती, पंजाचा ठसा उठवून. नाव रस्वार्प, उच्चार 'रसप'च्या जवळ जाणारा. तो रीतसर भाडं भरणारा प्रवासी असल्यामुळे हरकत ग्राह्य धरली गेली! त्याचा मालक ग्रॅहम नटॉल, लाइन वाचवण्याच्या लढ्यातला पुढचा माणूस. ११ एप्रिल १९८९ला सरकारने लाइन चालू राहणार म्हणून जाहीर केलं. पुढच्या जानेवारीत नटॉल कुत्र्याला घेऊन वेल्सच्या डोंगरात फिरायला गेले ते परतले नाहीत. अकरा आठवड्यांनी ओढ्याकाठी मृतदेह सापडला, कुत्रा शेजारी बसून होता, चौदा वर्षांचा, इतका खंगलेला की उचलून खाली आणावा लागला. मालकाच्या अंत्यविधीपर्यंत जगला. हे मी हिला गाडीत सांगितलं. हिने पदराने डोळे पुसले आणि म्हणाली, "आपल्या रायगडावरच्या वाघ्यासारखं." ती गोष्ट खरी की खोटी यावर आपल्याकडे भांडणं चालतात, इथे निदान ठसा कागदावर आहे.

एस गिलला लाइन माथ्यावर पोचते, ३५६ मीटर, आणि मग ईडन नदीच्या खोऱ्यात उतरायला लागते. हिरवं, सुपीक, शांत. कार्लाइलबद्दल लिहिण्यासारखं माझ्याकडे फार नाही. चहा प्यायलो, किल्ला बाहेरून बघितला, परतीची गाडी धरली. परतताना उजवीकडे बसलो, म्हणजे तीच बाजू. संध्याकाळी साडेनऊला सेटलच्या चौकात अजून उजेड होता आणि फोनपेटीतलं चित्र बाहेरून दिसत होतं.

तर गुण द्यायचे झाले तर: लाइनीला पाचपैकी पाच. गावाला चार, हीटर चालू असता तर साडेचार. शाकाहारी जेवणाला अडीच, त्यातले दोन बटाट्याचे. लहान मुलं असतील तर गुरुवारपर्यंत कंटाळतील. गुडघे दुखत असतील तर रिबलहेडचा पूल तरी जमेल, वाट बरीचशी सपाट आहे. टोपीला बंद लावा.

रात्री पुलाचा फोटो आमच्या जुन्या की-मनला, म्हणजे रोज पायी फिरून रूळ तपासणाऱ्याला, पाठवला. कसाऱ्याला असतो, आता त्याचाही मुलगा ट्रॅकमन झालाय. त्याला लिहिलं, चढ शंभरात एक. उत्तर आलं, "साहेब, मग तर सपाटच की. दरड येते का?" मी त्याला २०१६चं सांगितलं: आर्मथवेटजवळ ईडन ब्राउजला पावसाने उतार सरकला, पाच लाख टन माती गेली, आणि ३१ मार्च २०१७ला लाइन पूर्ववत झाली, म्हणजे तेवढा टप्पा वर्षाहून जास्त काळ बंद होता.

बराच वेळ 'टायपिंग' दिसत राहिलं. मग आलं, "एक वर्ष? आपल्याला साहेब चार तासांचा ब्लॉक मागितला तर दोन मिळायचा."